रुग्णास धाक की धीर?

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी 1935 साली तेथे आश्रम स्थापिला. आज तेथे आयुर्वेदाचे महाविद्यालय व रुग्णालयही आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांस ज्या चरकसंहितेचे अध्ययन करावे लागते, तीत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठायी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांबरोबर रोग्याविषयी अनुराग असावा. आणि रुग्णाच्या ठायी स्मरण, आज्ञापालन, निर्भयता व आपली व्यथा उघड सांगण्याची शक्ती असावी, असे तेथे म्हटले आहे.

या गुणांचा विचार करता एक गोष्ट आमच्या ध्यानी येते. रुग्णाने सांगितलेले ऐकावे, हे खरेच. परंतु त्याने निर्भय असावे व काही लपवू नये, हेही तितकेच अगत्याचे. जो परिचारक दरडावून आज्ञा पाळावयास लावितो, तो एका गुणासाठी दोन गुण घालवितो.

पुष्कळ लोक म्हणतात, “रोगी हट्टी असतो, धाकावाचून तो वळणावर येत नाही.” धाकाने रोगी क्षणभर गप्प बसतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गप्प बसणे म्हणजे बरे होणे नव्हे. कुष्ठरोगाचेच उदाहरण घ्या. 1898 च्या कायद्याने निष्कांचन कुष्ठरोग्यास पकडून कोंडून ठेविता येत असे. तो कायदा 2016 साली रद्द झाला. समाजाचा धिक्कार तर त्याहूनही कठोर होता. अशा भयाने माणसे अंगावरील चट्टा झाकीत, आणि झाकलेला रोग वाढत जाई. याच्या उलट, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी कार्य आरंभिले, ते त्यांस आश्रय, उपचार व हातांस काम देऊन. आज हा रोग 6 किंवा 12 महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. मात्र रुग्णाने आपण होऊन आले पाहिजे व गोळ्या अखेरपर्यंत घेतल्या पाहिजेत. धाकाने यांतील एकही गोष्ट साधत नाही.

रुग्णालयातील नित्याचे प्रसंगही हेच सांगतात. तापाने फणफणलेले वृद्ध आजोबा रात्री भलतेच बोलू लागतात व सलाईनची नळी ओढतात. तो हट्ट नव्हे, भ्रम होय. ताप, वेदना, अंगातील पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, अपरिचित जागा, अशी त्याची कारणे असतात. हात बांधले असता भय व धडपड बहुधा वाढते. त्याऐवजी वैद्यास तत्काळ कळवावे, मंद दिवा ठेवावा, चष्मा व कानाचे यंत्र द्यावे, आणि घरच्या ओळखीच्या माणसाने जवळ बसून “आजोबा, आपण दवाखान्यात आहो, मी येथेच आहे” असे सांगत राहावे.

मुलांच्या बाबतीत चूक घरापासून होते. “जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील,” असे आपण म्हणतो, आणि मग खरोखरीच सुई देण्याच्या वेळी मुलाने शांत राहावे अशी अपेक्षा धरितो! “मुळीच दुखणार नाही” ही थापही तितकीच घातक. कारण दुसऱ्या वेळी मूल कोणावरच विश्वास ठेवीत नाही. “थोडे दुखेल, लवकर थांबेल, कोणत्या हातावर घेतोस?” असे विचारावे. सत्य कळले व निवड हाती आली, म्हणजे मुलास धीर येतो.

संतापलेल्या रुग्णाशीही एकाच माणसाने, हळू आवाजात, थोडक्या शब्दांत बोलावे. त्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकावे. आणि पुढे काय होणार व किती थांबावे लागेल, ते स्पष्ट सांगावे. चौघांनी भोवती उभे राहून एकदम उपदेश करणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

तथापि धीर देणे म्हणजे सर्व काही सोसणे, असा आमचा आशय नाही. परिचारिकेवर हात उगारणे कोणत्याही दुःखाने क्षम्य ठरत नाही. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने तो दंडनीय अपराध आहे. मर्यादा सांगावी, ती दृढपणे सांगावी, परंतु अपमान न करिता सांगावी. मनोरुग्णांविषयी 2017 च्या कायद्यानेही हाच विवेक दाखविला आहे. साखळदंडास त्याने पूर्ण बंदी केली. आणि समोर ठाकलेला धोका टाळण्यास दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने, अवश्य तेवढाच वेळ, रुग्णास आवरून धरण्याची मोकळीक ठेविली. शिक्षा म्हणून मात्र कदापि नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील काही जण उद्या डॉक्टर वा परिचारिका होतील. परंतु रुग्णाच्या उशाशी बसण्याचा प्रसंग तर तुम्हां सर्वांवरच येणार आहे. पालकांसही आमची विनंती आहे की, आपल्या घरी आजाऱ्याशी कसे बोलले जाते, ते मुले पाहत असतात. तेथे ती जे शिकतील, तेच एके दिवशी आपल्या उशाशी बसून आचरतील.