खाली उतरायचं, पण कशासाठी?

हल्ली बास गिटार वाजवणारी दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, "तू कितीपर्यंत खाली जातोस?" जणू काही विहीरच खणतोय आपण! जो जास्त खाली जाईल तो मोठा, असा एक अलिखित नियमच झालाय. या नियमाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, आज मुहूर्त लागला.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत गिटारशी काही देणंघेणं नसलेले काका-मावशीही आहेत, म्हणून आधी थोडं त्यांच्यासाठी. बास गिटारला साधारणपणे ४ तारा असतात. जाडीपासून बारीकीकडे ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड ई सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे, आणि ती आली त्याआधीच्या उभ्या डबल बासकडून. याच्याही खाली जायचं तर दोन वाटा. एक, पाच तारांचा बास घ्यायचा, ज्याची जाड बी तार ३१ कंपनांच्या आसपास बोलते. दुसरी, बिनपैशाची वाट म्हणजे आहे त्याच तारा खुंट्या पिळून उतरवायच्या.

माझं मत विचाराल तर तारा जरूर उतरवाव्यात. पण त्याला कारण हवं, आणि 'भारी वाटतं' हे कारण नव्हे.

पहिलं आणि सगळ्यात सज्जन कारण म्हणजे गाणाऱ्याचा गळा. आपल्याकडे यात नवल वाटायचं काही कारणच नाही. गायक काळी एक म्हणाला की तंबोरा काळी एकला लागतो, गायिकेला पांढरी चार हवी असेल तर तिथे लागतो. वाद्यासाठी गळा ताणायचा, हे आपल्या बैठकीत कुणी ऐकूनही घेणार नाही. एवढंच कशाला, मालकंसात पंचम नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. पण तीच मंडळी बँडमध्ये शिरली की ई-ए-डी-जी ही काळ्या दगडावरची रेघ होते. मोकळ्या तारा सोयीच्या पडतात म्हणून गाणं ई मध्ये, आणि बिचारा गाणारा वरच्या सुरांना शिरा ताणतोय! सगळ्यांनी मिळून अर्धा किंवा एक स्वर खाली यावं. बोटांच्या जागा त्याच राहतात, आणि कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यापर्यंत गळा शिल्लक राहतो.

दुसरं कारण म्हणजे गाण्याची गरज. गाणं डी मध्ये असेल तर फक्त जाड तार ई वरून डी वर आणायची. याला ड्रॉप डी म्हणतात. खाली मोकळा खर्ज मिळतो, वर बाकीच्या तीन तारा जशाच्या तशा. रेज अगेन्स्ट द मशीनच्या १९९२ च्या पहिल्या अल्बममधलं 'किलिंग इन द नेम' याच लावणीवर उभं आहे. एक तार बदलली, पण गाण्याचा पायाच बदलला.

तिसरं कारण हाताचं. टोनी आयोमी हा ब्लॅक सबाथचा गिटारवाला. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधल्या काही गाण्यांसाठी तारा दीड स्वर खाली, सी शार्पला आणल्या. सैल तारांनी दुखऱ्या बोटांना आराम मिळाला. गीझर बटलरचा बासही सोबत उतरला. गंमत बघा, सी शार्प म्हणजे आपली काळी एकच की! ज्या जडपणाची पुढे जगभर नक्कल झाली, त्याच्या मुळाशी एका जखमी हाताची सोय होती. नक्कल करणाऱ्यांनी खोली उचलली, कारण तिथेच राहिलं.

आता 'भारी वाटतं'बद्दल. सात तारांच्या गिटारची जाड बी तार साधारण ६२ कंपनांवर असते. बासची ए तार ५५ वर. म्हणजे गिटारवाला खाली उतरत उतरत आपल्या अंगणात येऊन बसलाय. मग बासवाला काय करतो? तोही आणखी खाली पळतो, ३१ पर्यंत. छोट्या हॉलमध्ये तिथे सूर राहत नाही, नुसती घरघर उरते. मोबाईलच्या स्पीकरमधून तर ३१ चा मूळ स्वर येतच नाही, वरच्या स्वरांशांवरून आपला कान त्याची कल्पना करून घेतो. अशा वेळी बासवाल्याने पळू नये असं मला वाटतं. आपल्या जागी राहून, गिटारच्या शेजारी उभं राहून ठोके नेमके द्यावेत. ऐकू येणारा ई हा न ऐकू येणाऱ्या बी पेक्षा कधीही खोलच वाटतो.

शिवाय उतरण्याचा हिशेब असतो. तार तीच ठेवून एक स्वर खाली आलात तर ताण साधारण २० टक्क्यांनी कमी होतो, दीड स्वरात २९, आणि ई ची बी केलीत तर तब्बल ४४ टक्के. इतकी सैल तार पडद्यांवर खडखडते, आणि जोरात छेडली की सुरुवातीला चढीच बोलते. म्हणून चार तारांवर बी-ई-ए-डी लावायचं तर पाच तारांच्या संचातल्या जाड चार तारा घ्याव्या लागतात. नेहमीची ई साधारण १०५ ची, तर बी १२५-१३० ची. मग वरच्या नटची खाच रुंद करा, मानेतली सळई जुळवा, घोडीवर सूर पुन्हा तपासा. एक स्वरापर्यंत बहुतेक वाद्यं सांभाळून घेतात. त्यापुढे मात्र वाद्याला विचारल्याशिवाय जाऊ नये.

तेव्हा पाच तारांचा नवा बास घ्यायला निघालेल्या मंडळींना एकच सुचवतो. दुकानात जायच्या आधी महिनाभर जुन्याच बासची एक तार डी वर ठेवून बघा. आणि बँडमधल्या गाणाऱ्याला एकदा विचारा, "तुला कुठे बरं पडतं?" बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न वर्षानुवर्षं कुणी विचारलेलाच नसतो. त्याचं उत्तर अर्धा स्वर खाली असेल, तर तेवढी खोली पुरे.

असो. तुमचं काय मत? घरच्या मंडळींनीही बिनधास्त सांगा, तंबोरा जुळवणाऱ्यांना यातलं आमच्याहून जास्त कळतं.