दारातून परत गेलेल्या मुलांचे पान

आमच्या शाळांचे महोत्सव थाटाने साजरे होतात आणि प्रत्येक महोत्सवाची एक स्मरणिका निघते. तिच्यात महागुरुस्वामींचा आशीर्वाद असतो, आजवरच्या मुख्याध्यापकांची छायाचित्रे असतात, कोनशिलेची तारीख, देणगीदारांची यादी आणि शालान्त परीक्षेच्या निकालाचा तक्ता असतो. या शाळेच्या दारातून कोण परत गेले, याचा हिशेब मात्र तिच्यात कधीच नसतो. भीमाकाठच्या वडगाव रासाईत बसून आम्ही तो हिशेब मागत आहोत. येथल्या शेतमजुराच्या मुलीला शहरातल्या मिशनच्या शाळेचे दार उघडते की नाही, यावर आमच्या दृष्टीने त्या शाळेचा इतिहास ठरतो.

शाळा कशा बदलतात हे पाहण्यासाठी इंग्लंडातील विंचेस्टर या गावाचे उदाहरण बोलके आहे. तेथील बिशप विल्यम ऑफ विकम यांनी १३८२ मध्ये एक विद्यालय स्थापन केले. इंग्लंड तेव्हा कॅथॉलिक होते. सत्तर गरीब व गरजू विद्यार्थ्यांनी शिकावे, हा त्या विद्यालयाच्या नियमावलीतला मूळ हेतू. धनिकांच्या थोड्या मुलांना शुल्क घेऊन बसू द्यावे, ही केवळ सवलत होती. पुढे सवलत वाढत गेली आणि हेतू आकसत गेला. शिष्यवृत्तीच्या जागा आजही आहेत; पण विंचेस्टरची गणना त्या देशातील महागड्या शाळांत होते. कोणी एखाद्या दिवशी ठरवून गरिबाला बाहेर काढले नव्हते. प्रत्येक पिढीने आपल्यापुरती थोडीशी सोय पाहिली, एवढेच. पुढे, सरकारी शाळांतून सर्वांना मोफत माध्यमिक शिक्षण देणारा कायदा होण्यास इंग्लंडात १९४४ साल उजाडावे लागले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. त्या कायद्याच्या चार वर्षे आधी, १९४० मध्ये, साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही माध्यमिक शाळा मोफत होती आणि निवासीही होती. जिला नाव दिले ते सयाजीराव गायकवाड म्हणजे १९०६ मध्ये आपल्या सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे राजे. भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. मुलांनी श्रम करावेत आणि त्या कमाईवर शिकावे, हा तेथला शिरस्ता. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले. भाऊराव जन्माने जैन. पण त्यांच्या शाळेचे दार जैनांपुरते नव्हते. सुवार्तेचे नाव घेणाऱ्या आम्हांला हा इतिहास खाली मान घालायला लावतो.

कारण आमच्या शाळांतही विंचेस्टरचीच वाट चाललेली दिसते. गावोगाव पायी हिंडलेल्या मिशनऱ्यांनी ज्यांच्यासाठी पाट्या-पेन्सिली वाटल्या, त्यांच्याच नातवंडांपुढे आज अनेक ठिकाणी प्रवेश-अर्ज येतो तो वडिलांचे उत्पन्न, आईचे शिक्षण आणि घरातील भाषा विचारीत. प्रभूने बालकांना जवळ बोलावले तेव्हा उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जाहीरनामा काढला. कॅथॉलिक शाळांनी निर्धनांची, मायेला पारख्या झालेल्यांची आणि आपल्या श्रद्धेबाहेरच्यांचीही विशेष काळजी वाहावी, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

कायद्याचा आडोसा घेणारे आम्हांला ठाऊक आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गाच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित मुलांसाठी ठेवण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्यातून वगळल्या. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका व्यक्त केली, ही गोष्टही ध्यानी ठेवावी. घटनेच्या तिसाव्या कलमाचे मोल आम्ही जाणतो. त्याच्या रक्षणासाठी उभे राहणाऱ्यांत आम्हीही असू. पण ते कलम आम्हांला शाळा चालवण्याचा अधिकार देते. गरिबाला टाळण्याची मुभा म्हणून ते वापरणे हा त्या अधिकाराचा अपमान आहे. न्यायालयाने सक्ती केली नाही, म्हणून शुभवर्तमानाची सक्ती संपली काय?

‘शिक्षकांचे पगार कोठून द्यावेत? आधी आपल्या समाजाची मुले पाहावीत की नाही?’ असे विचारले जाते. प्रश्न खोटे नाहीत. परंतु शिरूर-दौंड पट्ट्यातले आमचे कितीतरी कॅथॉलिक बांधवही मजुरीच करतात. शुल्काची भिंत त्यांनाही अडवते. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर येणाऱ्या मुलाचे वर्ष बुडते, मग त्याचा धर्म कोणताही असो. इमारतीच्या नव्या मजल्यासाठी आमच्या धर्मग्रामांत देणग्या जमतात, तर वीस मुलांच्या वसतिगृहासाठी त्या का जमू नयेत?

आमची मागणी मोजकी आहे. कॅथॉलिक शाळांनी आपण होऊन किमान चौथा हिस्सा जागा गरिबांच्या मुलांना, धर्म न विचारता, द्याव्यात आणि त्यांना दहावीपर्यंत टिकवावे. जेथे मराठी वर्ग आहेत तेथे ते पटसंख्येचे निमित्त करून मोडू नयेत. शहराबाहेरच्या मुलांसाठी वसतिगृह असावे. आणि यापुढे जी स्मरणिका निघेल तिच्यात देणगीदारांच्या यादीसमोर एक पान जास्त छापावे : यंदा गरिबांची किती मुले आली, किती परत गेली, आणि का गेली. पालकांनी धर्मग्रामाच्या सभेत उभे राहून हे पान मागावे. मागितल्यावाचून ते छापले जाणार नाही.