पट्टीला मूठ बसवली म्हणून तलवार होत नाही

मध्ययुगीन युरोपी तलवारीची प्रतिकृती खास सांगून घडवून घेणाऱ्यांची मागणीपत्रं वाचायला बसलो की माझा संयम दुसऱ्या ओळीलाच सुटतो. पातं ३६ इंच. रुंदी २ इंच. तोल परजेपासून, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांड्यापासून, ४ इंचांवर. मूठ काळ्या चामड्याची, मुठीच्या मागच्या गोळ्यावर क्रूस, पात्याच्या पन्हळीत लॅटिन वचन, आणि त्या वचनातल्या अक्षरांच्या वळणावर तीन परिच्छेद. जाडी? जाडीबद्दल एक अक्षर नाही! चित्रात जे दिसतं तेवढंच या मंडळींनी लिहिलेलं असतं, आणि चित्रात जाडी दिसत नाही. मग कारागीरही त्यांना शोभेल असाच निघतो. बाजारातून ५ मि.मी.ची पट्टी आणतो, कडा घासतो, मूठ ठोकतो आणि पाठवून देतो. पार्सल उघडताच गिऱ्हाईक फोटो काढतं. हातात धरून चार वेळा फिरवायचं मात्र टाळतं. का टाळतं? मनगट दुखतं म्हणून.

अरे, तलवारीची सगळी करामत त्या जाडीत आहे! हिशेबच करा. ९० सें.मी. लांब, ५ सें.मी. रुंद आणि ५ मि.मी. जाड अशी पोलादाची सरळ पट्टी पावणेदोन किलो भरते. कडा उतरवल्या, टोक निमुळतं केलं की वजन कमी होतं, कबूल. पण मधली जाडी टोकापर्यंत तशीच राहिली तर जिथलं वजन जायला हवं होतं तिथलंच राहिलं. हातापासून ८० सें.मी.वर असलेले १०० ग्रॅम फिरवायला किती अवघड? १० सें.मी.वरच्या १०० ग्रॅमच्या ६४ पट. अंतराचा वर्ग, शाळेतलं भौतिकशास्त्र. चौदाव्या शतकातल्या लोहारानं हे सूत्र मांडलेलं नव्हतं, पण त्याच्या हाताला ते पाठ होतं. परजेपाशी पाच-सहा मि.मी. असलेलं पातं तो टोकाकडे नेता नेता दोन-तीन मि.मी.वर आणून ठेवत असे. म्हणूनच एका हाताच्या कितीतरी जुन्या तलवारी सव्वा किलोच्या आत-बाहेर भरतात आणि दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीही दीड किलोच्या आसपास राहतात.

यावर चलाख कारागिराकडे एक तोडगा असतो. टोक जड झालं ना? मग मागचा गोळा जड करा! तोल आला चार इंचांवर, गिऱ्हाईक खूश. ही शुद्ध लबाडी आहे. बोटावर तलवार तोलून धरली की ती कुठे स्थिरावते, एवढंच तो आकडा सांगतो. टोकाकडचं अनाठायी पोलाद जागच्या जागी आहे. वर मागे आणखी पाव किलो चढलं. तोलाचा बिंदू अगदी एकच असलेल्या दोन तलवारींतली एक हातात खेळते आणि दुसरी, ती पहार, वळवायला खांदा लावावा लागतो. तरीही तोलाचा आकडा मागणीपत्रात ठळक अक्षरांत असतो. कुठेतरी वाचलेला असतो ना!

मग येते उंची. ‘मी सहा फूट आहे, तेव्हा पातं जरा वाढवा, दहा टक्के.’ जरा? रुंदी-जाडी तीच ठेवून फक्त लांबी दहा टक्क्यांनी वाढवली तर पात्याचं वजन दहाच टक्के वाढतं, पण फिरवायला ते ३३ टक्के अवघड होतं. आणि ‘प्रमाण बिघडू नये’ म्हणून तिन्ही मापं दहा-दहा टक्क्यांनी वाढवणाऱ्या सौंदर्योपासकाच्या पदरात वजन ३३ टक्के आणि अवघडपणा ६१ टक्के जास्त पडतो. झेरॉक्स मोठी काढतात, तलवार नाही.

खरी गंमत पुढे आहे. इवर्ट ओकशॉट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं मध्ययुगीन तलवारींची वर्गवारी केली, दहाव्या प्रकारापासून बाविसाव्यापर्यंत. पात्याची बाह्यरेषा, छेद, पन्हळ, मुठीची लांबी हे त्याचे निकष. मोठं काम. पण या वर्गवारीकडे हॉटेलातलं मेनूकार्ड म्हणून पाहणारी एक जमात निपजली आहे. त्यांना तेराव्या प्रकाराचं रुंद, जवळजवळ समांतर कडांचं, सपाट पातं हवं आणि त्यालाच पंधराव्या प्रकाराचं सुईसारखं, चिलखताच्या फटीत घुसणारं टोक हवं. अहो, ते दोन प्रकार वेगळे का झाले? पहिला कापायला होता, म्हणून रुंद आणि पातळ. चौदाव्या शतकात अंगावर पोलादी पत्रे चढत गेले, कापून भागेना, म्हणून दुसरा आला: मधोमध धार-कण्याचा, पत्त्यातल्या चौकटीसारख्या छेदाचा, ताठ. ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे एकाच पात्याला तुम्ही पातळ हो आणि जाड हो असं एका दमात सांगताय, आणि वर ‘ऐतिहासिकदृष्ट्या अचूक’ असा शेरा मारताय. कुठल्या इतिहासात?

‘पण त्या काळची माणसं ताकदवान होती.’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याच्याशी मी पुढे बोलत नाही. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या स्मारकात तिथल्या विल्यम वॉलेस या लढवय्याची म्हणून जी अजस्र तलवार ठेवली आहे ती साडेपाच फुटांच्या आसपास आहे, आणि ती वॉलेसच्या काळची असण्याविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे. तरी तीसुद्धा तीन किलोच्या आत भरते. आणि तुम्हाला साडेतीन फुटांची तलवार चार किलोची हवी!

प्रमाण कशाच्या आधारानं ठरवायचं, हे ज्यांना तलवार चालवायची होती त्यांनी लिहून ठेवलंय. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप्पो वादी या इटालियन उस्तादानं उर्बिनोच्या ड्यूकला अर्पण केलेल्या ग्रंथात दोन हातांच्या तलवारीचं माप दिलं: उभी धरली तर काखेपर्यंत पोचावी, परजेची लांबी मूठ आणि गोळा मिळून जेवढी होते तेवढी असावी. सगळी मापं माणसाच्या शरीरावर आणि एकमेकांवर बेतलेली. कुठलंही एक माप एकटं हलवायला वाव नाही. आजच्या काळात स्वीडनच्या पीटर जॉन्सन या तलवारकारानं संग्रहालयांतल्या अस्सल तलवारी हातात घेऊन मोजल्या आणि त्यांच्या मांडणीमागे वर्तुळांची साधी भूमिती असावी, असा सिद्धांत मांडला. त्यावर वाद घालायला जागा आहे, पण त्यानं आधी मोजलं, मग मांडलं. आमचे सुवर्णगुणोत्तराचे भक्त आधी १.६१८ लिहितात आणि मग त्यात तलवार कोंबतात. जाडीचं गुणोत्तर त्यांनाही सुचलेलं नसतं.

मला सर्वांत जास्त चीड येते ती आपल्याकडच्या इतिहासप्रेमींची. मालिकेतल्या मावळ्याच्या हातात चुकीच्या वळणाची तलवार दिसली की हे तीन दिवस जेवत नाहीत. योग्यच आहे, मीही चिडतो. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातली पाती दख्खनेत येत, त्यांना इथली मूठ बसे आणि अशा तलवारीला फिरंग म्हणत, हेही त्यांना माहीत असतं. मूठ बदलली, पातं ठेवलं. कारण आपल्या लढवय्यांना पातं कळत होतं. आणि त्यांचे हे अभिमानी वारस त्याच युरोपी पात्याची प्रतिकृती मागवताना मुठीवर चार पानं लिहितात नि पातं कारागिराच्या मर्जीवर सोडतात!

कारागीर म्हणतो, जाडी उतरवत न्यायची तर घासाईचे तास वाढतात, खर्च वाढतो. वाढू दे. आपल्या देहरादूनमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी प्रतिकृती ढिगानं बनतात. हात आहेत, पोलाद आहे, मागणारा हवा. संग्रहालयातली एक, फक्त एकच, अस्सल तलवार निवडा, जिची सगळी मापं प्रसिद्ध झाली आहेत. तिच्यात स्वतःची अक्कल मिसळू नका. मागणीपत्रात दर १० सें.मी.वरची रुंदी आणि जाडी लिहा, गोळ्याचं वजन वेगळं लिहा. ‘एवढं कोण बघतं?’ असं कारागीर म्हणाला तर तिथून उठा. आणि तलवार घरी आली की आधी व्हर्नियर लावा, परजेपासून टोकापर्यंत. आकडे जुळले नाहीत तर परत पाठवा, दुसऱ्यांदाही पाठवा.