संपादकाचे मेज आणि काळोखातील मिरवणूक

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांचे नाव मराठी वाङ्मयीन चर्चेत निघाले की सामान्यतः दोन सूर उमटतात. एक अभिमानाचा : मराठी घरात जन्मलेला मुलगा हिंदीचा श्रेष्ठ कवी झाला. दुसरा हळहळीचा : मास्तरकी आणि वृत्तपत्रांची चाकरी यांनी एका प्रतिभावंताला पिळून काढले, एरवी त्याने आणखी किती लिहिले असते! दोन्ही सुरांना वस्तुस्थितीचा आधार आहे. तथापि दोहोंमुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो. पडक्या विहिरी, ब्रह्मराक्षस, मध्यरात्रीच्या मिरवणुका, अज्ञात हातांनी वाजवलेल्या कड्या आणि जीव घेऊन पळणे यांनी भरलेली ही कविता आली कोठून? स्वप्नाळू एकांतातून ती आलेली नाही. ती बऱ्याच अंशी संपादकाच्या मेजावरून आलेली आहे. आणि त्या मेजाचे महत्त्व समजून घ्यावयाचे तर जबलपूरकडे वळणे आवश्यक ठरते.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातील जळगावचे. तेथून ते ग्वाल्हेर संस्थानात गेले. गजानन यांचा जन्म श्योपूरचा. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात असल्याने मुलांचे बालपण बदल्यांच्या गावी गेले आणि शिक्षण उज्जैन-इंदूरकडे झाले. घरात मराठी, बाहेर माळव्यातली हिंदी, आणि प्रेमचंद आवडीने वाचणारी आई, असा हा संस्कार होता. १९४३ साली अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ संपादित केले. नव्या हिंदी कवितेची दिशा ठरविणाऱ्या या संग्रहातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरांतले होते, ही गोष्ट हिंदीच्या इतिहासकारांना ठाऊक आहे. मराठीच्या इतिहासकारांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही. १९४५ मध्ये मुक्तिबोध बनारसला ‘हंस’ मासिकाच्या कामासाठी गेले. तेथे जम बसला नाही. त्यानंतर ते जबलपूरला आले आणि हितकारिणी शाळेत शिक्षक झाले. शाळेच्या जोडीला ‘जयहिंद’ दैनिकातले काम आणि ‘समता’ या नियतकालिकाची उठाठेव होती. १९४८ च्या सुमारास ते नागपूरला गेले. मुक्काम फार तर दोन वर्षांचा. पण शाळा, वृत्तपत्र आणि कविता या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात बसविण्याची जी कसरत त्यांना जन्मभर करावी लागली, तिचा घाट येथे ठरून गेला.

जबलपूरच्या दृष्टीने असा संपादक नवा नव्हता. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी राहिली. त्यामुळे नर्मदेकाठच्या या शहरात मराठी घरे होती आणि त्या घरांतून हिंदीत लिहिणारी माणसेही निघत. माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, १९०७ साली नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालविला, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९२० साली जबलपुरातून ‘कर्मवीर’ निघाले त्यामागे त्यांचीच खटपट होती, संपादक होते माखनलाल चतुर्वेदी. बनारसच्या ‘आज’चे बाबूराव विष्णू पराडकर हेही याच परंपरेतले. मराठीभाषक संपादकांनी हिंदी गद्य घडविले, ही गोष्ट निर्विवाद आहे. मुक्तिबोधांचे वेगळेपण असे की, या परंपरेचे ओझे त्यांनी गद्यातून उचलून कवितेत नेऊन ठेवले.

जबलपूरशी त्यांचा दुसरा, अधिक फलदायी संबंध आला तो हरिशंकर परसाई यांच्या ‘वसुधा’ मासिकामुळे. हे मासिक १९५६ साली सुरू झाले आणि दोनेक वर्षांत बंद पडले. ‘एक साहित्यिक की डायरी’ या मुक्तिबोधांच्या लेखमालेतील बरेचसे लेखन ‘वसुधा’च्या पानांतून प्रसिद्ध झाले. त्यातील ‘तीसरा क्षण’ या लेखात कलेच्या तीन क्षणांची उपपत्ती मांडलेली आहे. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या ठसठसत्या मुळांपासून सुटून डोळ्यांसमोर फँटसीच्या रूपाने उभा राहण्याचा. आणि तिसरा, त्या फँटसीने शब्दरूप घेत पूर्णत्वाला जाण्याचा. ही उपपत्ती हिंदी समीक्षेत पुष्कळ चर्चिली गेली आहे. तिचे प्रकाशनस्थळ मात्र दुर्लक्षित राहिले. ती कोण्या प्रबंधातून आलेली नाही. मासिकाच्या सदरातून, केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या वादाच्या रूपाने आली आहे. पुढचा अंक निघण्यापूर्वी मजकूर द्यावयाचा, तो वाचकाला कळला पाहिजे आणि तरी विचार पातळ होता कामा नये, अशा बंधनात ती सिद्ध झाली. ‘वसुधा’चे संपादक परसाई यांनीही ‘रानी नागफनी की कहानी’ लिहिताना उपहासासाठी फँटसीचाच आश्रय घेतला, हा केवळ योगायोग नव्हे. वास्तव जेव्हा थेट सांगता येत नाही किंवा थेट सांगून कोणी विश्वास ठेवीत नाही, तेव्हा संपादकाला दुसरी वाट शोधावी लागते. परसाईंनी ती हास्यात शोधली, मुक्तिबोधांनी भयात.

ही वाट का शोधावी लागली याचे उत्तर नागपूरच्या वर्षांत मिळते. तेथे त्यांनी सरकारी प्रसिद्धी खात्यात आणि आकाशवाणीवर नोकरी केली. ‘सारथी’मध्ये आणि स्वामी कृष्णानंद सोख्ता यांच्या ‘नया खून’ साप्ताहिकात राजकीय लेखन केले. पुढे ‘नया खून’च्या संपादनाचा भारही वाहिला. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा वार्ताहर म्हणून ते त्या जागी हजर होते. ज्याच्या हाती बातमी येते त्याला तिचा छापता न येणारा भागही कळतो. सरकारी पत्रक कसे लिहिले जाते हे त्याने आतून पाहिलेले असते. कोणाचा फोटो पहिल्या पानावर जातो आणि कोणाचे नाव शेवटच्या क्षणी गळते, हेही त्याला ठाऊक असते. असे साठलेले ज्ञान अग्रलेखात मावत नाही. मुक्तिबोधांच्या फँटसीचे द्रव्य हे न मावलेले ज्ञान आहे.

त्यांनी राजकीय लेखनासाठी जी टोपणनावे घेतली त्यांतील ‘यौगंधरायण’ हे या दृष्टीने सूचक आहे. भासाच्या नाटकात उदयन राजाला उज्जैनच्या बंदिवासातून सोडविण्यासाठी त्याचा मंत्री यौगंधरायण वेड्याचे सोंग घेऊन त्या नगरीत वावरतो. उज्जैनमध्ये वाढलेल्या संपादकाने हे नाव उगाच निवडले असेल असे वाटत नाही. ‘अँधेरे में’ या त्यांच्या दीर्घ कवितेत, सारे शहर भयाने गप्प असताना, एक वेडा रात्री मोठ्याने गात असतो, आणि शहाण्यांनी स्वतःला जे विचारावयास हवे होते ते सगळे त्या गाण्यात असते. संपादकाचे सोंग आणि कवितेतील वेडा यांच्यातील हे नाते समीक्षेने तपासून पाहण्याजोगे आहे.

याच कवितेतील मिरवणुकीचा प्रसंग पाहावा. मध्यरात्री बँड वाजत आहे, लष्करी गणवेशातील माणसे चालली आहेत, त्यांच्या बरोबर उद्योगपती, विद्वान, समीक्षक, कवी आहेत, आणि शहरातला कुख्यात गुंड डोमाजी उस्तादही आहे. निवेदकाला ही माणसे ओळखू येतात ती कशामुळे? त्यांची छायाचित्रे त्याने वर्तमानपत्रांत पाहिलेली असतात, त्यांचे लेख नजरेखालून घातलेले असतात, कविताही वाचलेल्या असतात. म्हणजे ही ओळख द्रष्ट्याची नव्हे. ती उपसंपादकाची ओळख आहे. दिवसा जे चेहरे वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या मथळ्यांखाली छापले जातात, ते रात्री एका रांगेत चालताना दिसतात. वृत्तपत्राने जे स्तंभांत विभागले ते कवितेने पुन्हा जोडले. आणि ज्याने हे जोडकाम पाहिले तो गुन्हेगार ठरतो. मिरवणुकीतील लोक त्याच्यामागे लागतात. या प्रसंगाला निव्वळ दुःस्वप्न म्हणणे म्हणजे त्याची धार बोथट करणे होय.

ब्रह्मराक्षसाच्या प्रतिमेचाही असाच पुनर्विचार व्हावयास हवा. लोकसमजुतीप्रमाणे विद्या असूनही जो ती दुसऱ्याला न देता मरतो तो ब्राह्मण ब्रह्मराक्षस होतो. मुक्तिबोधांच्या कवितेत तो गावाबाहेरच्या ओसाड पायविहिरीत अंग घाशीत, ग्रंथांवर भाष्ये रचीत बसलेला आहे. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत विद्या शिष्याच्या हाती दिल्यावरच त्याची सुटका होते. हा प्रश्न पंडिताचा तर आहेच; त्याहून अधिक तो शिक्षकाचा आणि संपादकाचा आहे. जे कळले ते पोहोचविता आले नाही तर कळण्याला अर्थ कोणता? शाळेच्या वर्गात आणि साप्ताहिकाच्या कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसालाच ही प्रतिमा इतक्या आतून भेडसावू शकते.

या मतावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. वृत्तपत्रांनी मुक्तिबोधांना काही दिले असेल, पण घेतले त्याहून जास्त; त्यांच्या हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघू शकला नाही, हे विसरता येत नाही. दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाल्यावर त्यांना जी थोडी उसंत लाभली तीतच त्यांच्या अनेक उत्कृष्ट कविता पूर्णत्वाला गेल्या, हेही खरे. परंतु त्या उसंतीत त्यांनी लिहिले कशाविषयी? मागे सोडलेल्या शहरांच्या रस्त्यांविषयी, छापखान्याच्या जगाविषयी, गोळीबाराविषयी. उसंतीने कविता पूर्ण केल्या. कवितांचे बी तिने पेरले नव्हते.

शिवाय छापील शब्दाचे भय हे त्यांच्या बाबतीत केवळ काव्यगत राहिले नाही. १९६२ साली त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकाविरुद्ध चळवळ झाली आणि मध्यप्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. हे प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या शहरात एका तरुण शिक्षकाने वृत्तपत्राचे काम केले होते, त्याच शहरात त्याचे पुस्तक न्यायासनापुढे उभे राहिले. ‘अँधेरे में’ची घडण आणि हे प्रकरण यांचा काळ एकमेकांना लागून आहे. एकातून दुसरे निघाले असे म्हणण्याची गरज नाही. कवितेतील भय मनाचे खेळ नव्हते एवढे त्यावरून सिद्ध होते.

१९६४ च्या प्रारंभी त्यांना पक्षाघात झाला; ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर या संपादकाचे लेखन संपादकांच्याच हाती आले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्याच वर्षी मित्रांनी सिद्ध केला. हैदराबादच्या ‘कल्पना’ने नोव्हेंबर १९६४ मध्ये ‘आशंका के द्वीप : अँधेरे में’ या शीर्षकाने जी कविता छापली, तीच आज निम्म्या शीर्षकाने ओळखली जाते. १९८० साली नेमिचंद्र जैन यांनी रचनावलीचे सहा खंड संपादित केले. वास्तवाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते सगळे वास्तव हलते असते, म्हणून कविता संपत नाही, असे डायरीतच म्हणणाऱ्या कवीच्या कोणत्या खर्ड्याला अंतिम मानावयाचे, हा प्रश्न तेव्हा जितका कठीण होता तितकाच आजही आहे. जबलपूर-नागपूरच्या नियतकालिकांच्या संचिकांवाचून तो सुटणार नाही. संग्रहात कविता एकटी उभी असते; नियतकालिकाच्या अंकात तिच्या शेजारी कोणता लेख, कोणती जाहिरात, कोणती बातमी होती, हे दिसते. अशा संचिका जपणे हे पाठचिकित्सेचे काम आहे. ते हौसेवर सोडून भागणार नाही.

मराठीचे कर्तव्य याहून थोडे वेगळे आहे. गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले. ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) हे संग्रह, ‘क्षिप्रा’सारखी कादंबरी आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हे समीक्षात्मक पुस्तक त्यांच्या नावावर आहे. एका घरात वाढलेले, मार्क्सवादाच्या एकाच प्रकाशात वाचन केलेले, काही वर्षे नागपुरात बरोबरीने वावरलेले हे दोघे भाऊ. एकाने फँटसीची वाट धरली, दुसऱ्याने स्वच्छ उजेडातल्या उद्गाराची. हा फरक स्वभावाचा, की त्या त्या भाषेच्या काव्यपरंपरेने आणि वाचकाने तो घडविला? भारतीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासाला याहून चांगला प्रश्न क्वचितच मिळेल. परंतु एका भावाला हिंदी विभागात आणि दुसऱ्याला मराठी विभागात बसवून मधले दार लावून घेतले, की हा प्रश्न विचारलाच जात नाही.

मुक्तिबोधांना ‘आपला’ म्हणून मराठीने मिरविण्याची आवश्यकता नाही. मिरवणुकांविषयी त्यांचे मत काय होते ते ‘अँधेरे में’त स्पष्टच आहे. आवश्यकता आहे ती त्यांच्या हिंदीकडे मराठी वाचकाने वाचक म्हणून जाण्याची. कवीचे हिशेब बहुधा संग्रहांच्या संख्येवर मांडले जातात. जबलपूरच्या त्या दोन वर्षांपासून हाती आलेल्या मजकुरातले काय छापले जाते आणि काय राहून जाते हे पाहत आलेल्या माणसाचा हिशेब राहून गेलेल्या मजकुराने मांडावा लागतो. आणि तो मजकूर त्याने कवितेत लिहून ठेवला आहे.