निद्रिस्त संगणक आणि खरी उपस्थिती

हरियाणातील पानिपतजवळ काला अंब हे युद्धस्मारक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ या रणभूमीवर धारातीर्थी पडले. परंतु ते जिवंत असल्याची आशा मागे उरली. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला. अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. नसलेल्या माणसाची खोटी उपस्थिती किती महाग पडते, हे यावरून कळते.

आजचा संगणकही लहान प्रमाणात असाच भास निर्माण करू शकतो. झाकण मिटल्यावरही काही संगणक टपाल उतरवून घेतात, माहितीची प्रत काढून ठेवतात. ॲपलने २०१२ मध्ये ‘पॉवर नॅप’ ही अशीच सोय आणली. रात्रीच्या पहारेकऱ्याप्रमाणे ही मूक कामे यंत्राने अवश्य करावीत. त्यासाठी वीज खर्च होते. म्हणून ती थांबवण्याची मुभा मालकाला असावी.

मात्र मालक झोपलेला असताना त्याच्या नावापुढे ‘उपलब्ध’ असा हिरवा ठिपका तेवत राहणे अयोग्य होय. अडचणीत सापडलेला आप्त त्या ठिपक्यावर विसंबून राहतो आणि दुसऱ्या कोणाला हाक मारत नाही. काम यंत्रावर सोपवता येते. उपस्थिती मात्र माणसाचीच असावी लागते.