दारू सोडणाऱ्याच्या हाती काम द्या

आषाढी जवळ आली की गावोगावी काही जण माळ घालतात. वर्षानुवर्षे दारूत बुडालेला माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून बाटली बंद करतो. यातले सगळेच टिकत नाहीत, पण टिकणारेही कमी नाहीत. शहरातल्या रुग्णालयात ही गोष्ट निघाली की तरुण डॉक्टर गालातल्या गालात हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही.

माळ नेमके काय करते ते पाहावे. संध्याकाळी ज्या वेळेला पाय गुत्त्याकडे वळायचे, त्या वेळेला आता हरिपाठाला जायचे असते. महिन्यात दोन एकादशा येतात. दिंडीत टाळ धरायचा असतो, पंगतीला वाढायचे असते, थकलेल्या म्हाताऱ्याची पिशवी उचलायची असते. कालपर्यंत ज्याला गल्लीत कोणी दारात उभे करत नव्हते, त्याला आज लोक ‘माउली’ म्हणून हाक मारतात आणि एखादे काम विश्वासाने सोपवतात. श्रद्धा आहेच, पण तिच्याबरोबर वेळापत्रक आहे, सोबत आहे आणि कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची रोजची संधी आहे. व्यसनमुक्तीच्या शास्त्रात ज्या गोष्टींना महत्त्व दिले जाते, त्यातल्या बऱ्याचशा इथे आयत्या मिळतात.

एक धोका मात्र माळ घालणाऱ्यांना कोणी सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, समोर नसलेल्या माणसाशी बोलणे सुरू होते, ताप चढतो, छाती धडधडते. याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. घरच्यांना वाटते, काहीतरी बाहेरचे लागले किंवा नियम मोडल्याने देव कोपला. मग देवऋषी, अंगारा यात मोलाचे दिवस जातात. उपचार तसा महागडा नाही: डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस दिलेले आणि हळूहळू कमी केलेले शामक औषध, आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने. हे जीवनसत्त्व ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी द्यावे लागते, नाहीतर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावून द्या’ हा आग्रह धरू नये. आधी रुग्णालयात आठवडाभर काढावा आणि मग माळ घालावी. विठोबाला त्याची घाई नसते.

हा आठवडा पार पडला की रुग्ण घरी जातो. घरी सोडतानाच्या कागदावर ‘दारू टाळावी’ असे दोन शब्द असतात. काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा त्याच खाटेवर दिसतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळालेला असतो. त्या एकाच्या हातीही आपण ‘दारू टाळावी’ एवढेच ठेवतो.

दुसऱ्याला सावरण्याने स्वतःची दारू सुटायला मदत होते, हा शोध कोणत्या प्रयोगशाळेत लागला नाही. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. १९३४ च्या डिसेंबरात त्याने दारू सोडली आणि पुढचे काही महिने दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत सुटला. एकही सुधारला नाही. पण या सगळ्या खटाटोपात तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सुचवले की प्रवचन कमी कर आणि आजाराबद्दल बोल. मे १९३५ मध्ये तो कामानिमित्त ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला. तिथे व्यवहार फसला आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. तेव्हा त्याने चर्चमध्ये फोन केले: मला एखादा दारुडा भेटवा, त्याच्याशी बोलायचे आहे. त्या माणसाला सुधारण्यापेक्षा स्वतः वाचण्यासाठी त्याला तो हवा होता. भेटले ते डॉ. बॉब स्मिथ, त्याच गावातले शल्यचिकित्सक आणि अट्टल मद्यपी. १० जून १९३५ ला डॉ. बॉब शेवटचे प्यायले. लगेच दोघे मिळून तिथल्याच सिटी हॉस्पिटलमध्ये एका वकील रुग्णाच्या खाटेशी जाऊन बसले. तोही सुटला. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ची सुरुवात ही अशी, रुग्णालयातल्या खाटेपाशी झाली.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा निमित्त गर्दच्या व्यसनाचे होते आणि पाठीशी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे उभे होते. तिथेही व्यसनातून बाहेर आलेल्या रुग्णमित्रांना पुढच्या रुग्णांच्या कामात सामावून घेतले गेले. ज्याने घरातली भांडी विकून नशा केली आहे, त्याच्यासमोर नवा रुग्ण खोटे बोलू शकत नाही. पांढऱ्या कोटासमोर मात्र तो सहज बोलतो.

याला संशोधनाचा आधार किती? २०२० मध्ये कोक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण एकत्र तपासले. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत, रुग्णाला ‘एए’शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित समुपदेशनाच्या बरोबरीचे किंवा काही बाबतींत सरस ठरले. त्याआधी २००४ मध्ये मारिया पगानो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या उपचार-चाचणीतल्या रुग्णांचा मागोवा घेतला होता. दुसऱ्या व्यसनी माणसाला मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के पुढचे वर्षभर दारूपासून दूर राहिले. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. मुळात ज्याचा निश्चय पक्का तोच मदतीला पुढे येतो, असेही असू शकते, त्यामुळे हा आकडा पुरावा म्हणून जपून वापरावा. शिवाय ४० टक्के टिकले म्हणजे ६० टक्के टिकले नाहीत, हेही विसरू नये. पण या उपायाला खर्च जवळजवळ नाही. एवढ्या खर्चात एवढे देणारे दुसरे काही आपल्याकडे आहे का?

आशावादाचेही दोन प्रकार रुग्णालयात दिसतात. एक म्हणतो, ‘आजचा दिवस न पिता काढतो, उद्याचे उद्या.’ दुसरा तीन महिन्यांनी म्हणतो, ‘आता माझा ताबा आहे, लग्नाकार्यात एखादा पेग चालेल.’ दुसऱ्याची आशा पहिल्यापेक्षा मोठी असते आणि तीच त्याला पुन्हा भरती करते. खऱ्या आशेला शरीराचा आधार आहे. यकृतात साठलेली चरबी दारू बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरू लागते. सिरोसिस झालेला असला तरी दारू सोडणारा न सोडणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. हे रुग्णाला सोनोग्राफीचे कागद समोर ठेवून सांगावे. ‘हिंमत ठेवा’ म्हणण्यापेक्षा ते जास्त कामी येते.

देव न मानणाऱ्याने काय करायचे? ‘एए’च्या तत्त्वांत देव ज्याला जसा उमगेल तसा, अशी मोकळीक आहे आणि अनेक नास्तिक बैठकीलाच आपले बळ मानून राहतात. डॉक्टरांनी श्रद्धा कोणाच्या गळ्यात मारू नये आणि असलेली काढूनही घेऊ नये.

मदतीलाही काही पथ्ये हवीत. दारू सोडून महिना न झालेल्या माणसाने मित्राला गुत्त्यातून ओढून आणायला एकट्याने जाऊ नये. बहुधा तोच तिथे बसतो. दोघांनी मिळून जायचे, ही जुन्या सभासदांची रीत शहाणपणाची आहे. आपण बिनऔषधाचे सुटलो म्हणून दुसऱ्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करायला सांगणे, हा तर सरळ अपाय आहे. आणि नवऱ्याच्या जेवणात ‘न कळत दारू सोडवणारी’ पूड मिसळणे कोणीही सुचवू नये. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते.

राहिली बायको. दुसऱ्यासाठी झिजण्याचे सगळे फायदे तिला मिळायला हवे होते, पण तिच्या वाट्याला वाढलेला रक्तदाब आणि गेलेली झोप येते. कारण तिने हे काम निवडलेले नसते, त्यात तिला सुट्टी नसते आणि सोबतही नसते. बिल विल्सनची पत्नी लुइस हिने १९५१ मध्ये नातेवाइकांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हा वेगळा गट उभा केला, तो याच अनुभवातून. आपल्याकडे मात्र अजूनही तिलाच उपास सांगितले जातात.

सरकारी रुग्णालयांना यासाठी नवी इमारत लागणार नाही. आठवड्यातून दोन दुपारी वॉर्डातली एक खोली, जवळच्या ‘एए’ गटाचे किंवा व्यसनमुक्ती केंद्राचे दोन अनुभवी सभासद, आणि रुग्णाला घरी सोडण्याआधी त्यांच्याशी एक भेट. घरी सोडतानाच्या कागदावर ‘दारू टाळावी’च्या खाली पहिल्या बैठकीचा वार, वेळ आणि पत्ता लिहावा. जे हे काम नियमित करतील त्यांना प्रशिक्षण आणि मानधन द्यावे. सेवाभावाचे कौतुक करून फुकट राबवून घेण्याची सवय आरोग्य खात्याने आधीच पुष्कळ लावून घेतली आहे. आणि हे सुरू होईपर्यंत ज्यांना आज रात्रीच मदत हवी आहे, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची १४४४६ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहेत. फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही, बायको किंवा मुलगाही करू शकतो.