नऊ दारे आणि आमचे प्रश्न

दिल्लीला जाऊन आलेल्या इंदुरी मराठी कुटुंबाला प्रवासाची हकिगत विचारली, की लाल किल्ला आणि कुतुबमिनार यांच्या पाठोपाठ कमळ मंदिराचे नाव हटकून येते. पांढऱ्या संगमरवराच्या सत्तावीस पाकळ्या, भोवतीची नऊ तळी, आत जाण्याची नऊ दारे आणि आतली ती निःशब्द शांतता यांचे वर्णन होते, आणि मग किंचित अडखळत एक वाक्य येते, "पण आत देव कुठे दिसला नाही हो!" डिसेंबर १९८६ मध्ये समर्पित झालेल्या या उपासनागृहात मूर्ती नाही, पुजारी नाही, प्रवचन नाही, वाद्यही नाही, केवळ मनुष्यकंठातून निघालेली प्रार्थना तेथे चालते. मंदिर बहाई लोकांचे आहे एवढे बहुतेकांस ठाऊक असते. बहाई म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र "सगळे धर्म मानणारे" एवढ्यावरच संपते.

गेली दोन-अडीच वर्षे आम्ही उभयता या धर्माचा परिचय करून घेत आहोत. आमच्या वसाहतीतील एका बहाई कुटुंबाकडे प्रार्थनासभा भरते. तेथे आम्ही जातो, त्यांचे ग्रंथ वाचतो, घरी येऊन वाद घालतो. आम्ही बहाई झालेलो नाही. होऊ किंवा न होऊ, हेही आज सांगता येणार नाही. परंतु या काळात जे प्रश्न आमच्यापुढे उभे राहिले ते केवळ आमचे नसावेत, असे वाटल्यावरून ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. १८४४ साली इराणातील शिराझ शहरात सय्यद अली महंमद या तरुणाने आपण नव्या धर्मयुगाचे 'बाब', म्हणजे द्वार, असल्याची घोषणा केली. १८५० साली तब्रीझ येथे त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. आपल्यानंतर आणखी एक थोर ईश्वरी दूत येणार आहे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. तो दूत आपणच, असे १८६३ साली बगदादमध्ये मिर्झा हुसेन अली यांनी जाहीर केले. हेच बहाउल्ला. तेहरानच्या एका सधन, दरबारी घराण्यात जन्मलेल्या या पुरुषाचे पुढील सारे आयुष्य कैदेत आणि हद्दपारीत गेले. बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी अक्का, असा तो प्रवास होता. १८९२ साली अक्क्याजवळच त्यांनी देह ठेवला.

आपल्या बाजूचे धागेही अगदीच परके नाहीत. बहाउल्लांचा विधिग्रंथ 'किताब-ए-अकदस' १८९० च्या सुमारास मुंबईत छापला गेला. पाचगणीची 'न्यू एरा' शाळा १९४५ साली बहाईंनी काढली. आमच्या इंदुरातच १९८५ साली त्यांनी ग्रामीण आणि आदिवासी स्त्रियांसाठी प्रशिक्षणसंस्था सुरू केली. ती पुढे 'बरली' या नावाने ओळखली जाऊ लागली. आदिवासींच्या घराचे छप्पर ज्या मधल्या खांबावर उभे असते, त्याला 'बरली' म्हणतात. स्त्रीला घराचा खांब मानणारे हे नाव आम्हांस फार आवडले.

प्रार्थनासभेत पहिल्या दिवशी गीतेतला एक श्लोक म्हटला गेला, नंतर बहाउल्लांची प्रार्थना, नंतर बायबलातील काही ओळी. सभा संपल्यावर आपल्या रीतीप्रमाणे आम्ही पाकीट पुढे केले, तेव्हा यजमानांनी हात जोडून ते परत केले. बहाई नसलेल्याकडून धर्मकार्यासाठी पैसा घ्यावयाचा नाही, असा त्यांचा दंडक आहे. भटजी नाही, दक्षिणा नाही, जातीची चौकशी नाही. कोणाही सुशिक्षित हिंदूस हे सारे गोडच वाटणार. सर्व धर्म सारखे, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवघरात आणखी एक तसबीर लावण्यास जागा कमी पडेल, एवढीच काय ती अडचण!

आमचा पहिला प्रश्न नेमका येथेच सुरू होतो. बहाई धर्माचे म्हणणे 'सर्व धर्म सारखे' असे नाही. कृष्ण, मोझेस, झरतुष्ट्र, बुद्ध, ख्रिस्त, महंमद, बाब आणि बहाउल्ला हे एकाच ईश्वराकडून निरनिराळ्या काळी आलेले दूत, असे ते सांगतात. उगम एकच, परंतु शिकवण मानवजातीच्या वयाबरोबर पुढे सरकणारी. शाळा एक आणि इयत्ता निरनिराळ्या, असे म्हणावे. तेव्हा आजच्या काळासाठीचा धडा बहाउल्लांचा, आणि पुढील दूत किमान हजार वर्षे तरी यावयाचा नाही. म्हणजे कृष्णास येथे मोठा मान आहे. पण तो मान मागल्या इयत्तेतील गुरुजींना द्यावयाचा मान आहे. गीता रोज म्हणणाऱ्या माणसाने हे मान्य करावे काय? हा प्रश्न आम्ही यजमानांस सरळ विचारला. त्यांनी तो टाळला नाही. "मान्य होत नसेल तर मान्य करू नका. सत्याचा शोध ज्याचा त्याने करावा, ही आमची पहिली शिकवण आहे," असे ते म्हणाले.

या प्रश्नाला आमच्या माळव्यातच एक इतिहास आहे. १९६१ पासून शाजापूरच्या बाजूच्या खेड्यांत बहाई धर्माचा मोठा प्रसार झाला. त्यापूर्वी देशातील बहाई जेमतेम शेकड्यांनी मोजावेत इतके. नंतर संख्या लाखांत सांगितली जाऊ लागली. प्रचारकांनी बहाउल्लांची ओळख कल्की अवताराच्या परंपरेत करून दिली, गावकऱ्यांनी त्यांच्या नावाची भजने रचली आणि ढोलक-झांजांवर ती म्हटली. मारुतीचे देऊळही राहिले, बहाउल्लांचे भजनही राहिले. भारतात सुमारे वीस लाख बहाई असल्याचे समाजाकडून सांगितले गेले; २०११ च्या जनगणनेत धर्म म्हणून 'बहाई' असे नोंदवणारे मात्र पाच हजारही भरले नाहीत. या तफावतीकडे पाहून हसणारे हसोत. आम्हांस तीत आपल्या मनाची घडण दिसते. नवा देव स्वीकारणे आपल्याला सोपे जाते, कारण जुना सोडावा लागेल असे आपण गृहीतच धरीत नाही.

आणि या सुखद समजुतीला जबरदस्त धक्का देणारी एक हकिगत आमच्या वाचनात आली. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर इराणात दोनशेहून अधिक बहाईंना ठार मारण्यात आले. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये एकाच रात्री दहा स्त्रियांना फाशी देण्यात आले. त्यांतील सर्वांत धाकटी अवघी सतरा वर्षांची होती. मुलांना धर्मशिक्षण देणे हा तिच्यावरील आरोपांपैकी एक. आपण बहाई नाही, एवढे म्हटले असते तर या सर्वजणी सुटल्या असत्या. त्यांनी ते म्हटले नाही.

वाचकहो, ही हकिगत वाचल्यापासून 'सगळे सारखेच' हे वाक्य आमच्या तोंडून पूर्वीइतक्या सहजतेने निघत नाही. खरोखर सगळे सारखेच असेल, तर एक नाव टाकून दुसरे घेण्यात त्या मुलींचे काय जात होते? कालांतराने पुन्हा पहिले घेता आले असते. ज्या शब्दासाठी त्यांनी प्राण दिले, तो शब्द आपण सौजन्य म्हणून मान डोलवून स्वीकारावा, हे त्यांच्या मरणाची किंमत कमी करण्यासारखे आहे. न पटलेल्या गोष्टीला नम्रपणे 'नाही' म्हणणे, हाही आदराचाच एक प्रकार आहे. म्हणून होकार द्यावयाचा तर पुरा द्यावा, असे आम्ही ठरविले. आणि तसे ठरविताच बाकीचे प्रश्न अवघड झाले.

आमच्यापैकी एकास अडविले ते अंत्यविधीने. बहाई धर्मात दहन नाही, दफन आहे. आणि मृत्यू जेथे घडला तेथून तासाभराच्या वाटेपलीकडे देह न्यावयाचा नाही. पुनर्जन्मही ते मानीत नाहीत. जीव एकदाच जन्मास येतो आणि मृत्यूनंतर ईश्वराच्या दिशेने त्याची वाटचाल चालू राहते, अशी त्यांची धारणा. तर्काने पाहिले तर यात न पटण्यासारखे काही नाही. परंतु वडिलांच्या अस्थी ज्या हातांनी ओंकारेश्वरी नर्मदेत सोडल्या, ते हात तर्काने चालत नाहीत. पितृपक्षात ज्यांच्या नावाने पान वाढतो, त्यांच्याशी असलेले नाते त्या पानावाचून कसे राखावे, याचे उत्तर ग्रंथात सापडले नाही. मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना व दानधर्म करावा, त्याने त्यांची उन्नती होते, असे बहाई सांगतात. हे उत्तर सुंदर आहे. ते आमचे होण्यास वेळ लागेल, किंवा कदाचित होणारही नाही.

दुसऱ्याचा प्रश्न निराळा. स्त्री-पुरुष समानता ही या धर्माची ठळक शिकवण. बाबांच्या शिष्यांपैकी ताहिरा या विदुषीने १८४८ साली बदश्तच्या मेळाव्यात पुरुषांसमोर बुरखा दूर केला, आणि १८५२ साली तिला तेहरानमध्ये मारण्यात आले. दोन मुलांपैकी एकालाच शिकविण्याची ऐपत असेल तर मुलीला शिकवावे, असे बहाउल्लांचे पुत्र अब्दुल बहा यांनी सांगितले. विवाहाला वधूवरांची संमती आणि हयात असलेल्या आईबापांचीही संमती लागते. आपल्याकडे दुसरीच तेवढी विचारण्याची चाल होती. इतके सारे असून, हैफा येथील सर्वोच्च संस्थेत, १९६३ साली प्रथम निवडल्या गेलेल्या विश्व न्याय मंदिराच्या नऊ सभासदांत, स्त्रीला स्थान नाही! बाकीच्या सर्व संस्थांत स्त्रिया आहेत, देशोदेशींच्या मंडळांच्या अध्यक्षही होतात. केवळ येथे नाही. यामागील हेतू पुढे काळाच्या ओघात सूर्यप्रकाशासारखा स्पष्ट होईल, असे अब्दुल बहांनी लिहून ठेवले आहे. श्रद्धावंताला एवढे पुरते. शोध घेणाऱ्याला पुरावे काय? आमच्या घरात यावर एकमत नाही. अंधश्रद्धा सोडा म्हणणाऱ्या धर्माने एका ठिकाणी 'थांबा, पुढे कळेल' म्हणावे, हे एकास खुपते. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याला सारेच आधी कळावयास हवे, त्याने कुठल्याच धर्माच्या वाटेस जाऊ नये.

निवडणुकीची त्यांची पद्धत मात्र आम्हां दोघांस एकदम पटली. उमेदवार नाहीत, प्रचार नाही, गट नाहीत. प्रार्थना करून गुप्त मतदान. परप्रांतातील महाराष्ट्र मंडळांच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना या पद्धतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

शेवटचा प्रश्न आपणां सर्वांचा, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचा आहे. होळकरांच्या काळापासून आपण माळव्यात आहोत. बाजारात हिंदी बोलतो, मुले इंग्रजीत शिकतात. मग मराठीपण उरले कोठे? गणपतीच्या आरतीत, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात, बोडणाच्या मंत्रांत, कुलदेवतेच्या वार्षिक वारीत. भाषा आणि कुळाचार यांची गाठ येथे इतकी घट्ट बसली आहे, की एक सोडू जाता दुसरी सुटते. पुण्यातील माणूस धर्म बदलूनही मराठीच राहील, कारण त्याच्या दाराबाहेरचा रस्ता मराठी आहे. आमचे काय? बहाई धर्म कोणाची भाषा सोडावयास सांगत नाही. उलट विविधतेचे तो कौतुकच करतो. सणाच्या दिवशी शेजाऱ्याकडे जाण्यास त्याची मनाई नाही. पण आपला सण शेजाऱ्याचा सण व्हावा, हे अंतर लहान नव्हे.

या प्रश्नाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बहाई आईबापांची मुले पंधराव्या वर्षी आपला धर्म स्वतः स्वीकारतात. जन्माने तो मिळतो असे ते मानीत नाहीत. आमच्या यजमानांच्या मुलीने त्या वयात 'हो' म्हटले, मुलाने अद्याप म्हटलेले नाही. आणि त्यावरून त्या घरात कोणी आवाज चढविल्याचे आम्ही ऐकले नाही. आपण मात्र जो धर्म सोडावयाचा की नाही म्हणून रात्री जागवितो, तो कधी निवडला होता काय? मुंजीत हातावर पळीभर पाणी घेतले, त्याचा अर्थ तरी कोणी विचारला होता? या चौकशीने आमच्या हाती एवढे निश्चित आले आहे, की संध्येतील मंत्रांचे अर्थ आम्ही साठीनंतर प्रथमच लावून पाहिले; आणि त्यांतील पुष्कळसे आम्हांस आपले वाटले.

असो. येत्या गणपतीत आरती नेहमीप्रमाणे होईल, आणि महिन्याच्या प्रार्थनासभेलाही आम्ही जाऊ. हे दोन्ही फार काळ चालणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. कारण दोहोंकडे मान डोलवून चालणार नाही, हे शिराझच्या त्या मुलींनी आम्हांस शिकविले आहे. निर्णय होईल तेव्हा तो याच पानावर सांगू. दरम्यान ज्या वाचकांच्या घरी असा प्रश्न कधी आला असेल, मग तो कोणत्याही धर्माच्या निमित्ताने का असेना, त्यांनी त्यावर काय केले आणि घरच्या मोठ्या माणसांशी ते कसे बोलले, हे आम्हांस जरूर कळवावे. उपदेश पुष्कळ मिळाला आहे; अनुभवाची आम्हांस गरज आहे.